मॅरेथॉनच्या लेखात आठवड्याचे तासही छापा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत मध्यंतरी मॅरेथॉनवर पानभर लेख आला होता, आठवड्यातून तीनच दिवस धावा आणि साडेतीन तासांत फुल मॅरेथॉन करा अशा अर्थाचा, सोबत चौकटीत १२ आठवड्यांचं टाइमटेबल. तो मी दोनदा वाचला. एकदा घरी आणि नंतर आमच्या लॅबमध्ये, कारण आमच्याकडे सॅम्पल कलेक्शनला असलेल्या २६ वर्षांच्या एका मुलीनं ते टाइमटेबल कापून लॉकरच्या दाराला आतून चिकटवलं होतं आणि झालेल्या दिवसांवर लाल पेनानं टिक करत होती. सहाव्या आठवड्यापर्यंत टिका आहेत, त्यापुढे नाहीत. उजव्या पायाची नडगी दुखायला लागली, तिनं आठ-दहा दिवस कोणाला सांगितलं नाही, मग एक दिवस स्टुलावर बसून नडगीवर एका ठिकाणी बोट दाबताना मी तिला पाहिलं आणि माझ्या पोटात खड्डा पडला कारण ते बोट कुठे दाबायचं हे मला २०१९ पासून माहिती आहे. एमआरआय केला, हाडाला स्ट्रेस रिॲक्शन निघाली, म्हणजे ताणानं हाड मोडण्याच्या आधीची पायरी, फ्रॅक्चर नव्हतं हे नशीब. सहा आठवडे धावणं बंद.

हे सगळं लेखामुळे झालं असं मी म्हणत नाही. पण त्या टाइमटेबलमध्ये जे लिहिलेलं नव्हतं त्यामुळे नक्की झालं, म्हणून हे पत्र लिहितेय. जरा मोठं होईल, शक्य असेल तर कापू नका.

माझ्याबद्दल थोडक्यात. वय ४१, नाशिकला राहते, पॅथॉलॉजी लॅबमध्ये नोकरी, सकाळी पावणेनऊ ते संध्याकाळी सहा. मुलगा आठवीत, घरी सासूबाई. शाळाकॉलेजात कधी कुठल्या खेळात भाग घेतला नाही. ३१ व्या वर्षी वजन कमी करायला म्हणून गोल्फ क्लब ग्राउंडवर चालायला लागले आणि चालता चालता पळायला लागले. पहिली फुल मॅरेथॉन मुंबईची, २०१८ ला, ४ तास ४१ मिनिटं. आजची माझी बेस्ट ३ तास २७ मिनिटं. या दोन आकड्यांमध्ये सात वर्षं गेलीत आणि त्यातली दोन मी आज त्या मुलीनं केली तीच चूक करण्यात घालवली.

आधी "फास्ट" म्हणजे काय ते नीट बोलायला हवं कारण सगळा घोळ तिथूनच सुरू होतो. ४२.१९५ किलोमीटर पूर्ण करणं ही एक गोष्ट आणि ते आपल्या वयाच्या मानानं वेगात करणं ही पूर्ण वेगळी गोष्ट. हौशी माणसासाठी फास्ट कशाला म्हणायचं याचं बरंचसं मान्य माप म्हणजे बोस्टन मॅरेथॉनचा क्वालिफाइंग टाइम, तो वय आणि स्त्री-पुरुष बघून ठरलेला असतो. २०२६ च्या शर्यतीसाठी १८ ते ३४ वयाच्या पुरुषांना २ तास ५५ मिनिटं आणि बायकांना ३ तास २५ मिनिटं, माझ्या ४० ते ४४ च्या गटात बायकांना ३:३५ आणि पुरुषांना ३:०५. तेवढ्यानंही प्रवेश मिळतोच असं नाही, २०२५ च्या शर्यतीला त्या वर्षी ठरलेल्या वेळेपेक्षा ६ मिनिटं ५१ सेकंद जास्त वेगात धावलेल्यांनाच घेतलं. आपल्याकडे ग्रुपवर लोक "सब-थ्री" "सब-थ्री" करतात, त्याचा अर्थ तीन तासांच्या आत, म्हणजे प्रत्येक किलोमीटर ४ मिनिटं १५ सेकंदांत, असे ४२ सलग. साडेतीन तास म्हणजे किलोमीटरला ४ मिनिटं ५८ सेकंद. घरातल्या कोणाला तरी सांगून बघा एकच किलोमीटर पाच मिनिटांच्या आत पळायला, मग हा वेग काय आहे ते कळेल.

आता यासाठी आठवड्याला किती पळावं लागतं? माझं उत्तर, आणि मी ज्यांना ज्यांना जवळून पाहिलंय त्या सगळ्यांचं मिळून उत्तर असं की साडेतीनच्या आसपास यायचं असेल तर ६५ ते ८५ किलोमीटर, तीन तासांच्या आसपास यायचं तर ९० ते ११०, आणि हे एखाद्या आठवड्याला नाही तर चार-चार महिने दर आठवड्याला, आणि त्याच्या आधी काही वर्षं याच्या निम्म्या-पाऊण पातळीवर. अपवाद असतात, लहानपणापासून फुटबॉल किंवा ॲथलेटिक्स खेळलेला पंचविशीतला मुलगा ५० किलोमीटरवर पण सव्वातीन करून जातो, मी असे दोन ओळखते. पण पेपरातलं टाइमटेबल वाचून सुरुवात करणारा माणूस तो नसतो, तो माझ्यासारखा किंवा आमच्या लॅबमधल्या मुलीसारखा असतो.

हे फक्त माझ्या अनुभवावर बोलत नाहीये. जोव्हानी तांदा म्हणून इटलीचे प्राध्यापक आहेत, त्यांनी २०११ मध्ये एक साधं समीकरण मांडलं, शर्यतीआधीच्या आठ आठवड्यांत तुम्ही आठवड्याला सरासरी किती किलोमीटर पळालात आणि सरासरी कुठल्या पेसनं (पेस म्हणजे एका किलोमीटरला लागणारा वेळ), एवढ्या दोनच आकड्यांवरून मॅरेथॉनचा अंदाज. मी माझ्या डायरीवर ते लावून बघितलं तर दोन-तीन मिनिटांच्या फरकानं जुळलं. त्यात आकडे टाकून बघा: सरासरी पेस ५:३० ठेवून आठवड्याला ४० किलोमीटर केले तर साधारण ३:३९ येतं, ६० केले तर ३:३१, ९० केले तर ३:२१. म्हणजे वेग तोच ठेवून नुसतं अंतर वाढवलं तरी १८ मिनिटं कमी. आणि तीन तासांच्या आत यायला आठवड्याला १०० किलोमीटर, तेही सरासरी ४:४४ च्या पेसनं लागतात, हे त्याच समीकरणातून निघतं. अर्थात हे समीकरण ज्यांचं शरीर आधीच तयार आहे त्यांच्यासाठी, नवख्या माणसाला ते फार आशादायक आकडा देतं, तेवढं लक्षात ठेवायला लागतं.

दुसरं, अलीकडे एक फार मोठा अभ्यास आला, जवळपास १ लाख १९ हजार धावणाऱ्यांच्या घड्याळातल्या नोंदी, शर्यतीआधीच्या १६ आठवड्यांच्या. सगळ्यांची आठवड्याची सरासरी निघाली ४५ किलोमीटर आणि जे दोन ते अडीच तासांत मॅरेथॉन करतात त्यांची १०७. मला त्यातली सगळ्यात महत्त्वाची वाटलेली गोष्ट वेगळीच आहे. जोरात पळण्यात घालवलेला वेळ सगळ्या गटांत जवळपास सारखाच होता! पाच तासवाले आणि अडीच तासवाले, दोघंही आठवड्यात जोरात साधारण तेवढंच पळतात. फरक सगळा सावकाश पळण्यात होता. वेगवान माणसं हळू खूप पळतात.

आता इथे मला थांबून सविस्तर सांगायचंय कारण तुमच्या लेखात नेमकं हेच नव्हतं. त्या टाइमटेबलमध्ये तीन दिवस होते, इंटर्व्हल (थोडं थोडं अंतर जोरात, मध्ये दम घेत), टेम्पो (न थांबता बराच वेळ जोरात) आणि लाँग रन (आठवड्यातलं सगळ्यात लांब पळणं), म्हणजे तिन्ही कडक. सोपा दिवस एकही नाही. मी २०१८-१९ मध्ये हेच करत होते, आठवड्याला ३५-३८ किलोमीटर आणि प्रत्येक किलोमीटर धापा टाकत, कारण सावकाश पळालं तर व्यायाम झाला असं वाटायचंच नाही आणि ग्रुपवर ॲपचा स्क्रीनशॉट टाकायचा असायचा, त्यात पेस सहाच्या वर दिसला की लाज वाटायची. मुंबईला ३० किलोमीटरपर्यंत मस्त गेले आणि मग परतीच्या वाटेवर पाय असे झाले की जणू दुसऱ्याचेच आहेत, पेडर रोडचा चढ मी पूर्ण चालत चढले, कठड्याला धरून दोनदा उभी राहिले. मला वाटलं मी जोरात पुरेसं पळाले नाही म्हणून असं झालं, म्हणून २०१९ ला आणखी जोर लावला आणि नडगीचं हाड गेलं. स्ट्रेस फ्रॅक्चर. तीन महिने.

हळू पळल्यानं नक्की काय होतं हे मला त्या तीन महिन्यांत वाचून वाचून कळलं. हृदय एका ठोक्याला जास्त रक्त ढकलायला शिकतं, स्नायूंमध्ये बारीक रक्तवाहिन्या वाढतात, पेशीत ऊर्जा तयार करणारे मायटोकाँड्रिया वाढतात आणि शरीर साखरेच्या जोडीला चरबी जाळायला शिकतं, आणि हे शेवटचं तर मॅरेथॉनचा प्राण आहे. स्नायू आणि लिव्हरमध्ये साठवलेली साखर बहुतेकांना ३० किलोमीटरच्या आसपास संपत येते, त्यालाच सगळे "वॉल" म्हणतात, माझी वॉल पेडर रोडवर होती. जितकं जास्त चरबीवर पळता येईल तितकी साखर पुढे पुरते. आणि हे सगळं घडायला पाय जास्त वेळ हलते राहायला हवेत, जास्त जोरात नाही. हाडं आणि कंडरा तर त्याहून सावकाश तयार होतात, दम दोन महिन्यांत वाढतो पण नडगीच्या हाडाला तेवढ्या वेळात ते झेपत नाही, त्या मुलीचं नेमकं हेच झालं, दम होता म्हणून पळत गेली.

नॉर्वेत काम करणारे स्टीफन सायलर यांनी मोठमोठ्या खेळाडूंचं ट्रेनिंग तपासून दाखवलं की ते साधारण ८० टक्के सोपं आणि २० टक्के कडक करतात. पण त्याच्या कितीतरी आधी न्यूझीलंडमध्ये आर्थर लिडियार्ड हा बुटांच्या कारखान्यात काम करणारा माणूस स्वतःवरच प्रयोग करत होता, आठवड्याला किती पळालं की तब्येत सुधारते आणि किती पळालं की मोडते, आणि तो १६० किलोमीटरवर येऊन थांबला. त्याच्या हाताखालची आजूबाजूच्या गल्ल्यांतली पोरं १९६० च्या रोम ऑलिंपिकला गेली आणि पीटर स्नेलनं ८०० मीटरचं, मरे हॅलबर्गनं ५००० मीटरचं सुवर्ण आणि बॅरी मॅगीनं मॅरेथॉनचं ब्राँझ आणलं. ८०० मीटरवाला पोरगा सुद्धा रविवारी डोंगरातून ३५ किलोमीटर पळायचा, हे वाचून मी पेन ठेवून नुसती बसून राहिले होते.

आणि एड व्हिटलॉक! कॅनडाचे आजोबा, २००४ मध्ये ७३ व्या वर्षी टोरांटोला २ तास ५४ मिनिटं ४८ सेकंदांत मॅरेथॉन. त्यांचं ट्रेनिंग म्हणजे घराजवळच्या कब्रस्तानात छोट्या वाटेवर गोल गोल, एकेका वेळी तीन-तीन तास, अगदी सावकाश. कोच नाही. मला जेव्हा कोणी म्हणतं की आता वय झालं तेव्हा मी त्यांचं नाव सांगते.

तर आता माझा आठवडा सांगते, जसा डायरीत आहे तसा, मुंबईच्या आधीच्या डिसेंबरमधला. सोमवारी पळणं नाही, घरीच अर्धा तास स्क्वॉट, प्लँक, पोटरीचे व्यायाम. मंगळवारी ग्राउंडवर इंटर्व्हल, हजार मीटरचे सहा, वॉर्मअप आणि शेवटचं हळू पळणं धरून १५ किलोमीटर. बुधवारी गंगापूर रोडनं सोमेश्वरच्या पुढे जाऊन परत, १४, पूर्ण गप्पा मारत. गुरुवारी १४ त्यातले मधले आठ मॅरेथॉनच्या पेसनं किंवा थोडे त्याहून जास्त. शुक्रवार-शनिवार आठ-आठ, इतके हळू की कधी कधी चालायला आलेले काका शेजारून विचारपूस करतात. रविवारी २८, महिन्यातून एकदा ३२. एकूण ८७. चौथ्या आठवड्याला मुद्दाम कमी करून ६०-६५ आणि शर्यतीआधीचे तीन आठवडे टप्प्याटप्प्यानं खाली, त्याला टेपर म्हणतात आणि तो न करता केलेलं सगळं ट्रेनिंग पायात थकवा म्हणूनच शर्यतीला सोबत येतं.

८७ किलोमीटर सरासरी पावणेसहा मिनिटांनी म्हणजे नुसते पळण्याचे आठ तास वीस मिनिटं. त्यात व्यायाम, ग्राउंडवर जाणं-येणं, स्ट्रेचिंग, आंघोळ धरली तर अकरा-साडेअकरा. हा आकडा लेखात हवा होता. किलोमीटर वाचून कोणाला काही कळत नाही हो, तास सांगितले की कळतं, कारण तास कुठून तरी काढावे लागतात.

माझ्याकडे ते कुठून आले तेही सांगते. मी पावणेचारला उठते आणि सव्वानऊला झोपते, झोप साडेसहा तासांच्या खाली गेली की दोन आठवड्यांत काहीतरी दुखायला लागतं हे मला माझ्या डायरीतून कळलंय. रात्री कणीक मळून ठेवते, भाजी चिरून फ्रीजमध्ये. मंगळवार, गुरुवार आणि रविवार सकाळचं स्वयंपाकघर नवऱ्याकडे, हे आमच्यात २०२१ मध्ये बोलून ठरलं, त्याआधी मी सगळं करून मग पळायला जायचे आणि मग ते ४० किलोमीटरच्या वर कधी गेलंच नाही. माझी मॅरेथॉन खरी सुधारली ती तिथून. सासूबाई सुरुवातीला नाराज होत्या, आता रविवारी मी यायच्या वेळेला नाचणीचं सत्त्व तयार असतं. रात्रीच्या हळदी, रिसेप्शन, सोसायटीचा गरबा, चार महिने काही नाही, त्यावरून नात्यात बोलणी बसली ती बसलीच. बुटांची जोडी मला साडेसहाशे-सातशे किलोमीटर जाते म्हणजे दर दोन महिन्यांनी नवीन. पाच ते आठ हजार रुपये जोडी. पळताना खायचं साखरेचं जेल महाग म्हणून लाँग रनला मी खजूर आणि गूळ-शेंगदाण्याची वडी खिशात ठेवते आणि जेल फक्त दोन-तीन लाँग रनमध्ये पोटाला सवय व्हावी म्हणून.

तुमच्या वाचक बायकांपैकी कितीजणींकडे हे अकरा तास आहेत? पुरुषांना पण सोपं नाही, मला माहितीये, आमच्या ग्रुपमधला एकजण एमआयडीसीत शिफ्ट ड्युटी करतो आणि सेकंड शिफ्टच्या आठवड्यात रात्री साडेबाराला घरी येऊन सहाला पळायला येतो. जपानचा युकी कावाउची हा तर शाळेत सरकारी नोकरी करता करता पळायचा आणि २०१८ ला थंडी-पावसात बोस्टन मॅरेथॉन जिंकला, २ तास १५ मिनिटं ५८ सेकंद. नोकरी सांभाळून होतं. पण त्याची किंमत आधी कळली पाहिजे म्हणजे माणूस शांतपणे ठरवेल की मला साडेचार तासांत हसत पूर्ण करायची आहे की साडेतीनच्या मागे लागायचंय. साडेचार-पाच तासांत आनंदानं पूर्ण करणाऱ्यासाठी आठवड्याला तीन-चार दिवस आणि ४० किलोमीटर खरंच पुरतात, त्यात कमीपणा कसलाच नाही. तुमचं टाइमटेबल त्या माणसासाठी असतं आणि त्यातले दोन कडक दिवस सोपे केले असते तर मी स्वतः ते चार जणांना पाठवलं असतं. वरचं "साडेतीन तासांत" हे शीर्षक चुकलं.

आणखी एक, १२ आठवडे. बारा आठवड्यांत शर्यतीची तयारी होते पण पाया होत नाही. आमच्या नाशिकची कविता राऊत, सावरपाडा एक्सप्रेस, २०१० च्या दिल्ली कॉमनवेल्थला १० हजार मीटरला ब्राँझ आणि २०१६ च्या दक्षिण आशियाई स्पर्धेत मॅरेथॉनचं सुवर्ण २:३८:३८ ला, तिचं नाव घेऊन लेखात म्हटलं होतं की जिद्द असेल तर काहीही होतं. जिद्द आहेच. पण तिच्या पायांत लहानपणापासून डोंगरातली पायपीट होती आणि मग विजेंदर सिंग सरांकडे नाशिकला वर्षानुवर्षं रोजचं ट्रेनिंग होतं, ते वाक्य लेखात नव्हतं. माझ्या सासूबाईंची बहीण दरवर्षी त्र्यंबकेश्वरहून निवृत्तीनाथांच्या पालखीबरोबर पंढरपूरला चालत जायची, साठीच्या पुढे, रोज वीस-वीस किलोमीटर, आणि कधी पायाला पट्टी बांधलेली मी पाहिली नाही, कारण तिचे पाय चाळीस वर्षं शेतात चालून तयार झालेले होते. ऑफिसात बसणाऱ्या माणसाला तो पाया महिन्याला थोडं थोडं करत स्वतः घालावा लागतो. मी ४० वरून ८५ ला जायला जवळपास चार वर्षं घेतली आणि त्यातलं एक वर्ष तर कोविडमध्ये सोसायटीच्या पार्किंगमध्ये चकरा मारण्यात गेलं, आणि खरं सांगायचं तर त्या वर्षानंच मला हळू पळायला शिकवलं कारण त्या वळणांवर जोरात पळताच येत नव्हतं.

बायकांसाठी आणि खास करून मुलींसाठी एक गोष्ट लॅबमधल्या अनुभवातून सांगते. पळणं वाढवायच्या आधी हिमोग्लोबिन आणि फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, तपासून घ्या. हिमोग्लोबिन ठीक असून फेरिटिन तळाला गेलेलं असतं असे रिपोर्ट मी रोज बघते, माझं स्वतःचं २०२२ ला ११ आलं होतं, तेव्हा मी दोन महिने समजत होते की माझी जिद्द कमी पडतेय. आणि पळणं वाढलं, खाणं तेवढंच राहिलं आणि पाळी लांबायला किंवा थांबायला लागली तर ते फिटनेसचं लक्षण नाही, शरीराला इंधन कमी पडतंय आणि पुढचा नंबर हाडांचा असतो. आमच्या लॅबमधल्या मुलीला मी हे विचारलं तेव्हा ती गप्प झाली. पाळी दोन महिने आली नव्हती. वजन कमी होतंय म्हणून ती खूश होती आणि रात्रीचं जेवण सोडलं होतं. मी तिला डॉक्टरकडे घेऊन गेले, आता दोन वेळा पोळीभाजी वरणभात आणि सकाळी पळून आल्यावर अर्ध्या तासाच्या आत काहीतरी पोटात, हे चालू आहे.

शेवटचं मागणं पळण्याबाहेरचं आहे पण आठवड्याच्या किलोमीटरशी त्याचा थेट संबंध आहे. पहाटे साडेचारला आमच्या भागातले बरेच दिवे बंद असतात आणि भटकी कुत्री टोळीनं असतात, त्यामुळे बायका एकट्या निघत नाहीत, चौघी जमल्या तरच निघतो आणि एक आली नाही की तिघी परत जातात. शहरातली मैदानं पाच-साडेपाचला उघडतात. ज्या बाईला सातपर्यंत घरी परत यायचंय तिचा लाँग रन त्या अर्ध्या तासातच अडकतो. सिंहस्थाच्या कामांमुळे सध्या रस्ते खोदलेले आहेत ते समजू शकते, पण शहरातलं निदान एक मैदान साडेचारला दिव्यांसकट उघडावं यासाठी तुमच्या पेपरनं पाठपुरावा केला तर मी आणि माझ्या मैत्रिणी सह्या गोळा करून द्यायला तयार आहोत, सत्तरएक सह्या तर एका रविवारी मिळतील.

आणि मॅरेथॉनचा पुढचा लेख छापाल, जानेवारी जवळ आला की छापालच, तर टाइमटेबलच्या चौकटीत तीन ओळी घाला: हे कुठल्या वेळेसाठी आहे, आठवड्याला किती तास लागतील, आणि सुरू करण्याआधी किती महिने सलग पळत असायला हवं. हवं असेल तर मी माझी डायरी आणून दाखवीन, चार वह्या आहेत, त्यात दुखलेले दिवस पण लिहिलेले आहेत.

ती मुलगी परवापासून परत सुरू झाली. एक मिनिट पळायचं, दोन मिनिटं चालायचं, असं वीस मिनिटं, मी सोबत होते. या जानेवारीची मुंबई तिनं सोडली, पुढच्या वर्षी हाफ करायचं म्हणतेय. लॉकरवरचं टाइमटेबल तिनं काढलं आणि तिथे एक कोरा कागद लावलाय, त्यावर पहिली नोंद आहे, २० मिनिटं, नडगी दुखली नाही.

आपली नियमित वाचक,
नाशिक